तेलाचा वास कुठे गेला, आणि तो परत आणताना काय चुकतं



गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रकार घडला. तो आधी सांगतो, कारण पुढचं सगळं लिखाण त्याच्यातूनच निघालंय.

आमच्या वाडीत नारळाची जुनी बाणवली झाडं आहेत. गेली काही वर्षं कोळी किडीमुळे फळ बारीक राहतं, सालीवर तपकिरी भेगा पडतात. असा नारळ व्यापारी हातात घेतो आणि परत ठेवतो. सूनबाई बचत गटात आहे. ती म्हणाली, "बाबा, हा बारीक नारळ कवडीमोलाने देण्यापेक्षा तेल काढून विकू या." मला पटलं. खोबरं वाळवलं, घाण्यावर नेलं, तेल आलं. पण साधं खोबरेल तर दुकानातही मिळतं. मग तिने मोबाईलवर बघून एक कल्पना काढली. काचेच्या छोट्या बाटल्या आणल्या. प्रत्येकीत सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याची एक डहाळी, आणि वरून तेल. बाटल्या दिसायला एवढ्या देखण्या की मीच दोन फोटो काढले. एकूण २४ बाटल्या झाल्या. गटाच्या स्टॉलला लावायच्या होत्या. त्याआधीच शेजारच्या दोघीजणी दोन घेऊन गेल्या.

आठव्या दिवशी माझ्या ओळखीच्या एक बाई केळीची रोपं बघायला आल्या. अन्नप्रक्रिया शिकवून निवृत्त झालेल्या. खिडकीतल्या बाटल्या बघून त्यांनी एकच विचारलं, "लसूण ओलाच घातला का? आणि फ्रिजबाहेर किती दिवस आहे?" सूनबाई म्हणाली, "आठ दिवस." बाई म्हणाल्या, "यातली एकही बाटली कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका. गेलेल्या आजच परत मागवा."

एक बाटली शेजारी न उघडलेली मिळाली. दुसरी शेजारणीने तिच्या बहिणीला दादरला पाठवलेली. फोन केला तेव्हा ती बाटली तिच्या ओट्यावर होती, रात्रीच्या जेवणाला उघडायचा बेत होता. ती टाकली गेली तेव्हा आमच्या जिवात जीव आला. बावीस बाटल्या आम्ही स्वतः निकामी केल्या. खोबरं, घाण्याची मजुरी, बाटल्या, सगळं गेलं.

खरं सांगतो, त्या दिवशी मला रागच आला होता. मी बाईंना म्हटलं, "आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर तेलात लसूण घातला, त्यांना काय झालं?" त्या हसून म्हणाल्या, "घातला खरा, पण कसा घातला ते आठवून बघा."

तेव्हापासून मी आठवतोय, विचारतोय, वाचतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

तेल म्हणजे तिळाचं

आधी शब्दच बघा. तेल हा शब्द संस्कृत तैलावरून आला आणि तैल म्हणजे तिळाचं. म्हणजे आपल्या लोकांनी पहिल्यांदा ज्याला तेल म्हटलं ते तिळाचं होतं. पुढे सगळ्याच तेलांना तेच नाव पडलं.

आपल्या कोकणपट्टीत भात खाचरात, पण डोंगरउताराच्या वरकस जमिनीत फेरपालट असायची. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, आणि जमीन थकली की तीळ किंवा कारळे. कारळ्याला कुणी खुरासणी म्हणतं, कुणी रामतीळ. कमी कसाच्या जमिनीत, खताशिवाय येणारं पीक. त्याच्यावर घरचं तेल निघायचं. घाटावर करडई, जवस आणि नंतर भुईमूग. किनाऱ्याला नारळ. आपल्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, जव्हार-मोखाड्याकडे, आदिवासी बांधव मोहाच्या बियांचं तेल काढतात. पावसाच्या तोंडावर बिया वेचायच्या, फोडायच्या, वाळवायच्या आणि दाबून तेल काढायचं. थंडीत ते तुपासारखं गोठतं.

या प्रत्येक तेलाला स्वतःचा वास होता. कारळ्याचं तेल डोळे मिटून ओळखता यायचं. करडईचा वेगळा, जवसाचा वेगळा, खोबरेलाचा तर विचारूच नका. भाकरीवर तिखट-मीठ घेऊन वरून कच्चं तेल सोडलं की तेच कालवण. आज शहरात ज्याला फ्लेवरचं तेल म्हणतात ते आपल्याकडे बियातूनच येत होतं.

अजून एक शब्द लक्षात घ्या. गोडंतेल. तेल कधी गोड असतं का? पण दुसऱ्या बाजूला कडू तेल होतं, करंजाचं, उंडीचं. ते दिव्याला, अंगाला, गुराढोरांच्या जखमेला. म्हणून खायचं ते गोडं. पुढे रॉकेल आलं आणि दिव्यातलं कडू तेल हळूहळू गेलं. रॉकेल म्हणजे रॉक ऑइल आणि घासलेट म्हणजे गॅसलाइट, असे हे इंग्रजी शब्द आपल्या तोंडात रुळले. घाण्यावरून एक गिऱ्हाईक कमी झालं ते तेव्हा. खाण्याचं गिऱ्हाईक मात्र अजून शाबूत होतं.

घाणा आणि घाणेवाले

घाणा आपण सगळ्यांनी बघितलाय, निदान चित्रात तरी. जमिनीत रोवलेलं लाकडाचं किंवा दगडाचं उखळ, त्यात तिरकी फिरणारी लाट, आणि डोळ्यांना झापडं बांधून गोल फिरणारा बैल. बी चिरडलं जातं, घासलं जातं. थोडं पाणी शिंपडलं की पेंड आवळते आणि तेल सुटतं. एक घाणी उतरायला दीड-दोन तास. बियातलं सगळं तेल निघत नाही, पेंडीत बरंच राहतं. पण ती पेंड गोठ्यात जायची, दुधातून आणि शेणातून परत घरात आणि शेतात यायची. म्हणजे राहिलेलं तेलही वाया जात नव्हतं.

घाणा चालवणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे जातीने तेली, चाकणचे. त्यांची समाधी मावळात सुदुंबऱ्याला आहे. त्यांच्या स्वतःच्या अभंगांतही घाणा येतो. सतराव्या शतकात तेल गाळणारा हात अभंगही लिहीत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या किनाऱ्याच्या खालच्या अंगाला, अलिबाग-पेण-रोहा या पट्ट्यात, बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणी ज्यू तेल गाळायचे. नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून त्यांचे पूर्वज इथे आले अशी त्यांची परंपरा सांगते. भाषा मराठी, आडनावं रोहेकर, पेणकर, नौगावकर. शनिवारी ते काम करत नसत, घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. गावाला धर्म माहीत नव्हता, पण घाणा कुठल्या दिवशी बंद असतो ते बरोबर माहीत होतं. पुढे इंग्रजी अमलात त्यांच्यातले पुष्कळ लोक मुंबईला, पलटणीत, नोकरीत गेले.

खोबरेलाचा जुना लेखी पुरावा हवा असेल तर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक आहे. ते १५६३ साली गोव्यात छापलं. आपली वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली होती, म्हणजे तो त्याच काळातला माणूस. नारळावर लिहिताना तो दोन तेलं सांगतो. एक ओल्या खोबऱ्याचं, कुटून गरम पाण्यात घालून वर तरंगणारं. दुसरं वाळलेल्या खोबऱ्याचं. आज बाजारात 'व्हर्जिन' नाव देऊन महाग विकतात ते पहिलं, घाण्याचं ते दुसरं. साडेचारशे वर्षांत रीत तीच, फक्त नाव बदललं.

वास लावायच्या जुन्या रीती

आता बाईंच्या प्रश्नावर येतो. आज्या-पणज्या तेलात लसूण घालायच्या, पण कसा?

पहिली रीत फोडणीची. तेल कडकडीत तापवायचं, मोहरी तडतडली की हिंग, लसूण, मिरची, कढीपत्ता. ते तेल ताटात किंवा पातेल्यात जायचं आणि त्या दिवशीच संपायचं. फोडणीचं तेल कुणी महिनाभर बाटलीत भरून ठेवलेलं मी तरी बघितलं नाही. याच फोडणीतली मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून अमेरिका खंडातून आली. भुईमूगही मूळचा तिकडचाच. म्हणजे ज्याला आपण अस्सल घरची चव म्हणतो त्यातलं निम्मं सामान बाहेरून आलंय. बाहेरून आलं म्हणून वाईट असं नाही, ते वापरायची रीत मात्र आपल्या लोकांनी पारखून घेतली.

दुसरी रीत लोणच्याची. इथे तेलाखाली ओला पदार्थ वर्षभर राहतो. पण त्याच्या सोबत काय असतं? मूठमूठ मीठ, आणि कैरीचा नाहीतर लिंबाचा आंबटपणा. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे लोणच्यात शिरका असतो. फोडणी थंड करून वर ओततात. ओला चमचा बरणीत घातला की आजी हातावर मारायची. ती मार कशासाठी होती ते आत्ता कळलं.

तिसरी रीत सुक्याची. वसईतल्या ईस्ट इंडियन घरांत बाटली मसाला असतो. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस कडक उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. वर्षभर टिकतो. बाटलीत भरलाय, पण खडखडीत सुका.

चौथी रीत मला सगळ्यात नवलाची वाटली. ती फुलेलाची. उत्तर भारतात जौनपूर, गाझीपूर, कनौज या भागात चमेलीचं तेल करायचे ते असं. धुतलेले, वाळवलेले तीळ पसरायचे, त्यावर ताज्या फुलांचा थर, परत तीळ, परत फुलं. फुलं कोमेजली की काढून टाकायची, नवी घालायची. असं बरेच दिवस. तीळ फुलांचा वास पिऊन घेतात. मग फक्त तीळ घाण्यात जातात, फुलं जात नाहीत. तेल निघतं ते सुगंधी. हे तेल डोक्याला लावायचं, पण अक्कल बघा. वास तेलात पाहिजे, फुलातलं पाणी नको. म्हणून वास आधी सुक्या बियात भरला. आपल्या वसईचा मोगरा, चाफा रोज पहाटे दादरच्या बाजारात जातो, आणि उरलेला संध्याकाळी उकिरड्यावर. तीळ आणि मोगरा दोन्ही आपल्याकडे होते, हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो.

चारही रीती समोर ठेवल्या तर नियम एकच दिसतो. ओला पदार्थ तेलात घातला तर लगेच खाऊन संपवायचा. ठेवायचाच असेल तर मीठ आणि आंबट पाहिजे, नाहीतर तो सुका पाहिजे. ओला, अळणी, गोडसर पदार्थ तेलात बुडवून दिवसचे दिवस उघड्यावर ठेवायची रीत आपल्याकडे नव्हतीच. आम्ही केलं ते परंपरेतलं नव्हतं. ते अगदी नवं होतं.

वास काढून टाकणारा कारखाना

मग हे नवं आलं कुठून? त्यासाठी तेलातला मूळचा वास कसा गेला ते बघावं लागतं.

१९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात हायड्रोजन वायू घालून ते घट्ट करायच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं. त्यावरून वनस्पती तूप आलं. १९३० च्या आसपास मुंबईत शिवडीला हिंदुस्तान वनस्पती कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. माझ्या लहानपणी डालडा हे कंपनीचं नाव आहे हेच माहीत नव्हतं, आम्हाला ते पदार्थाचंच नाव वाटायचं. पिवळ्या डब्यावर हिरवं ताडाचं झाड. डबा रिकामा झाला की त्यात तुळस.

यातली एक गोष्ट तीळवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. वनस्पती स्वस्त, तूप महाग, म्हणून तुपात भेसळ सुरू झाली. दिसायला सारखं, ओळखणार कसं? तेव्हा सरकारने नियम केला की प्रत्येक वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालायचंच. कारण तिळाच्या तेलात असा एक घटक आहे की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं की गुलाबी-लाल रंग येतो. तूप तपासलं आणि रंग आला की समजायचं, यात वनस्पती आहे. म्हणजे ज्या तिळाने तेलाला नाव दिलं, त्याच तिळाला शेवटी भेसळीचा साक्षीदार म्हणून कारखान्यात उभं केलं.

त्याच काळात उलट्या बाजूनेही प्रयत्न झाला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजींची कल्पना, कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्यावर काम केलं. लाट, उखळ, जू यांची मापं सुधारून बैलाला कमी त्रास आणि तेल जास्त, असा घाणा बसवला. तो मगनवाडी घाणी, वर्धा घाणी म्हणून ओळखला गेला. घाण्यावर असं शास्त्रीय काम आपल्या महाराष्ट्रात झालं होतं, हे आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही.

पण गिरणी जिंकली. आधी एक्स्पेलर, मग पेंडीतलं राहिलेलं तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने धुऊन काढणारे कारखाने. असं तेल कच्चं खाता येत नाही, म्हणून ते शुद्ध करावं लागतं. चिकट भाग काढायचा, आम्लता मारायची, मातीतून गाळून रंग काढायचा, आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून वाफ सोडून वास उडवायचा. या शेवटच्या पायरीनंतर सोयाबीन, पाम, सूर्यफूल, सगळी तेलं नाकाला सारखीच. ना रंग, ना वास. कारखान्याला हेच सोयीचं, कारण ज्या तेलाचा भाव कमी ते खपवता येतं. आणि खाणाऱ्याची नाकाने पारख करायची सवयच गेली.

मी शाळेत होतो तेव्हा रेशनवर पामतेल यायचं. थंडीत डब्यात गोठायचं, आई डबा उन्हात ठेवायची. आमच्यासारख्यांच्या घरी वर्षाच्या सणाला तळण निघालं ते त्या तेलावर. त्यामुळे मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. १९८६ मध्ये केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू केली, आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. मग १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली. आज देशाच्या गरजेतलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. वरकसात तीळ, कारळे कोण लावणार मग? आमच्या भागात तर वरकस जमीनच इमारतींखाली गेली.

शेवटचा घाव १९९८ चा. दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. लोकांच्या अंगावर सूज आली, साठाच्या वर माणसं गेली. त्याच वर्षी केंद्राने खाद्यतेल सुटं न विकता पॅकबंद विकायचा आदेश काढला. आदेशामागचं कारण खरं होतं, मेलेली माणसं खरी होती. पण पत्र्याचा डबा आणि माप घेऊन बसलेल्या छोट्या घाणेवाल्याचं त्यात कंबरडं मोडलं हेही खरं.

आता चक्र उलटं फिरतंय. गावोगाव विजेवरचे लाकडी घाणे लागतायत. आणि दुसरीकडे, वास गेलेल्या तेलात वरून लसूण-मिरची घालून वास परत विकायची टूम आलीय. आमच्या सूनबाईच्या बाटल्या त्यातल्याच. गंमत बघा, तिच्या तेलाला स्वतःचा चांगला वास होता, तरी दुकानाच्या नादाने आम्ही त्याला वरून दागिने घातले.

लसणात काय वाईट?

आता धोका काय तो नीट सांगतो, कारण गटांमध्ये हा पदार्थ वाढतोय.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू आहे. तो मातीत असतो, आणि लसूण मातीत वाढतो. मातीत तो सुप्त बीजाणूच्या रूपात पडून असतो, एखाद्या वाळलेल्या बियासारखा. आपल्या पोटात तसा गेला तर मोठ्या माणसाला बहुधा काही होत नाही. पण त्याला तीन गोष्टी एकत्र मिळाल्या की तो उगवतो. ओल, आंबटपणाचा अभाव, आणि हवा नसलेली जागा. लसणात ओल आहे, लसूण आंबट नाही, आणि तेलाने हवा तोडली. वर आपल्या वसईचा उकाडा. त्याच्यासाठी याहून चांगलं वाफं कुठलं? उगवला की तो विष तयार करतो आणि ते विष नसांवर जातं. डोळ्यांना दोन-दोन दिसतं, पापण्या जड होतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायात एक मिनिट घालवू नका, तडक मोठं हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते सांगा.

सगळ्यात वाईट म्हणजे तेलाचा वास, रंग, चव बदलेलच असं नाही. इथे आपलं नाकही फसतं.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकूवरच्या एका हॉटेलात तेलात ठेवलेला चिरलेला लसूण वापरला गेला. बाटली फ्रिजमध्ये न ठेवता बाहेर ठेवलेली. ३६ माणसं आजारी पडली, आणि सुरुवातीला अनेकांचं निदानच चुकलं. १९८९ मध्ये अमेरिकेत किंग्स्टन गावी असाच प्रकार होऊन तिघे आजारी पडले. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने तेलातल्या लसणात आंबट घटक घालणं सक्तीचं केलं. आपल्या आजीने लोणच्यात लिंबू पिळलं होतं तेच.

कुणी म्हणेल, आम्ही तेल तापवून मगच लसूण घालतो. पण पाकळीच्या आत पाणी आहे तोवर तिच्या आतलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, बाहेर तेल कितीही तापू दे. आणि हा बीजाणू मरायला १२१ अंश लागतात, तेही दाबाखाली. वरून तळलेली, आतून ओली पाकळी बाटलीत गेली की धोका तसाच.

आता आम्ही काय करतो

सूनबाई आठ दिवस बोलली नाही माझ्याशी नीट. नंतर तिनेच मार्ग काढला.

एक, खोबरेल साधंच विकायचं. खोबरं खडखडीत वाळल्याशिवाय घाण्यावर न्यायचं नाही. वाटी मोडली तर टचकन आवाज आला पाहिजे. ओल राहिली की तेल लवकर खवट होतं. काढलेलं तेल काही दिवस निवळू द्यायचं, गाळ खाली बसला की वरचं कोरड्या फडक्यातून गाळून पूर्ण कोरड्या बाटलीत भरायचं. साधारण सहा-सात चांगल्या नारळांचं किलोभर खोबरं होतं आणि त्यातून सहाशे ग्रॅमच्या आसपास तेल येतं. आमच्या बारीक नारळांना जास्त लागतात, हा हिशोब आधी करून मगच उडी मारा. अन्नपदार्थ विकायचा म्हणजे खात्याची नोंदणी आणि लेबलवर तारीख पाहिजेच.

दोन, लसूण-मिरचीचं तेल घरासाठी लागलं तर लहान वाटीभर करायचं, थंड झालं की फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. खोबरेल फ्रिजमध्ये दगड होतं, कारण ते साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. त्यामुळे याला शेंगदाण्याचं नाहीतर तिळाचं तेल बरं. ओला लसूण घातलेलं तेल विकायचं नाही म्हणजे नाही.

तीन, वास द्यायचाच तर सुक्याने. सुकी लाल मिरची, वाळवलेला कढीपत्ता, मिरी, धणे. कोमट तेलात मुरवायचे, मग गाळून जिन्नस काढून टाकायचे. तरी बाटली छोटी आणि फ्रिजमध्येच.

चार, गिऱ्हाइकाला चव पाहिजे म्हणून बाटलीसोबत सुक्या मसाल्याची पुडी देतो. वाळवलेला लसूण, सुकी मिरची, तीळ, मीठ. सोबत चिठ्ठी, की दोन चमचे तेल तापवा, चमचाभर मसाला टाका, लगेच वाढा. म्हणजे फोडणी त्यांच्या घरी, त्यांच्या कढईत. बाटलीत फक्त तेल. पुडी तेलापेक्षा जास्त खपतेय, हे सूनबाईने मला दोनदा ऐकवलंय.

या मृगात वाडीच्या कडेला, जिथे पाणी थांबत नाही तिथे, दोन गुंठे तीळ टाकला होता. थोडा पावसाने गेला, थोडा पाखरांनी खाल्ला. उरला तो घाण्यावर नेला. जेमतेम तीन बाटल्या झाल्या. पहिली बाटली उघडली तेव्हा आई, वय ऐंशीच्या वर, आतल्या खोलीतून म्हणाली, "तिळाचं आणलंस का रे?" तिला दिसत नाही आता. पण तिला विचारावं लागलं नाही, कुठलं तेल ते.

तुमच्या गावात घाणा कुठे होता, कुठलं बी गाळायचे, पेंड कुणाकडे जायची, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि इथे लिहा. आणि कुठल्या बचत गटाच्या स्टॉलवर तेलात ओला लसूण घातलेल्या बाटल्या दिसल्या, तर त्या ताईला ओरडू नका. आमची गोष्ट सांगा.